आडोशाची निविदा

अर्ज आला तेव्हा मे होता,
पारा सत्तेचाळीसच्या आतबाहेर.
खामल्याच्या त्रेसष्ट रहिवाशांच्या सह्या,
तक्रार एका ओळीची:
तुमचं उपकेंद्र दिसतं.

दिसतं म्हणजे?
ते उभं राहिलं तेव्हा इथं बाभळी होत्या,
तुमच्या गॅलऱ्या नंतर आल्या.
हे मी फाइलवर लिहिलं नाही.
फाइलवर लिहिलं: आर्किटेक्ट नेमण्यास हरकत नसावी.

आमच्यात इमारत म्हणजे
चार भिंती, एक शटर, वर स्लॅब,
आणि केबल जायला ठेवलेलं भोक,
त्यालाच नकाशात खिडकी म्हणतात.

तिघांनी दर भरले.
एकानं काचेचा इमला काढून दिला,
सुंदर होता, त्यात रोहित्र काढायचं राहिलं होतं.
दुसरा भिंतीवर संत्री रंगवणार होता,
जागा उरली तर वाघ.
तिसरी शर्मिष्ठा हेडाऊ, तांडापेठेतली.
दर भरायच्या आधी तिनं विचारलं,
रात्री आत बसता येईल का?

बसली. अकरा ते दोन.
निखाडे ड्यूटीवर होता, दर तासाला मीटर वाचत,
अकरा वाजता चारशे बारा, बाराला चारशे तीस.
बाहेर सगळ्या वस्तीचे कूलर भरधाव,
आणि त्या सगळ्यांची झोप अंगावर घेऊन
दोन रोहित्रं एकाच सुरात घुमत होती.
लोड चढला की सूर जाड होतो.
हे मला ठाऊक होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं.
निखाडेनं माठातलं पाणी दिलं, म्हणाला,
मॅडम, याले कोंडू नका.
मले पंखा नसला तं चालते,
याले वारा पाह्यजे.

मग नकाशा आला.
वीट अर्धी आत, अर्धी बाहेर,
नजर अडेल, वारा अडणार नाही अशी फट.
माझा बाप मागावर करवती काठ काढायचा, ती म्हणाली,
दाते मोजून. चुकला तर उसवायचा, रागावायचा नाही.
मी म्हटलं, अंतर तीन मीटर. एक बोटही कमी नाही.
दोन रोहित्रांच्या मधली भिंत सलग, तिथं नक्षी नाही,
तेल पेटतं तेव्हा ते काठ पाहत नाही.
तिनं खोडलं, पुन्हा काढलं.
आठव्यांदा मी सही केली.

बैठकीत साहेब म्हणाले,
भिंतीले एवढे पैसे? पत्रा ठोका ना बाप्पा.
पत्रा तापतो सर, मी म्हटलं,
आणि तीन पानांची टिपणी ठेवली.
तिचा दर दुसऱ्या क्रमांकाचा होता,
म्हणून तीन पानं.
एकोणतीस वर्षांच्या नोकरीत
'सावली' हा शब्द मी पहिल्यांदा टंकलिखित केला.

भिंत झाली.
आता त्रेसष्टांपैकी निम्म्यांच्या गाड्या तिच्या सावलीत.
आवाज कमी झाला म्हणतात.
मी यंत्र लावून मोजला, तेवढाच आहे.
सांगितलं नाही.
देवतळे काकांची मात्र नवी तक्रार:
दिसत नाही, तर चालू आहे का बंद,
आम्ही पाहावं कुठं?

काका, रस्त्याकडच्या बाजूला,
खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर
पाच विटा नाहीत.
नकाशात त्याला काही नाव दिलेलं नाही.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
रात्री दोनला तिथून एक पट्टी उजेड रस्त्यावर पडतो,
कधीमधी त्यात हलणारा हात असतो,
वहीवर आकडा लिहिणारा.

ऑडिटचा शेरा टेबलावर आहे:
विटा वाकड्या का लावल्या, खुलासा करावा.
मुदत सात दिवस.
आज सहावा.