तिसऱ्या ओळीतला सुटलेला फेर

लुब्लियानाच्या नेत्र-दवाखान्यात माझं काम साधं:
पांढऱ्या वाडग्यात माणसानं हनुवटी टेकवायची,
मी दिवे पेरायचे, टाचणीच्या डोक्याएवढे.
दिसला की बटण.
जिथे बटण नाही, तिथे कागदावर काळं.

पाव्ला लापायनेच्या कागदावर
मधोमध काळं, दोन्ही डोळ्यांना.
कडेला थोडा उजेड,
ताटात टाकून दिल्यासारखा.

पर्स आवरता आवरता,
बसची वेळ विचारावी तशी म्हणाली:
"त्या काळ्यात मला जाळी दिसते."
आठ महिने. कुणापाशी बोलली नव्हती.
मुलीला कळलं असतं तर वेडात काढलं असतं.

कसली जाळी?
"लेसची. पण माझ्या हातची नाही."
इद्रियाची ती, पाऱ्याच्या खाणीच्या गावची.
तिथे पुरुष जमिनीच्या पोटात
आणि बायका खिडकीशी, उशीवर लाकडी कांड्या
एकमेकींवरून टाकत, टकटक, टकटक.
"सत्तर वर्षं विणलंय. तिसऱ्या ओळीत
एक फेर सुटलाय. रोज तिथेच सुटतो.
कोण विणतंय हे?"

डॉक्टर जेवायला गेल्या होत्या.
माझं काम नव्हतं, तरी सांगितलं:
डोक्याच्या मागे, तुम्ही अंबाडा घालता त्याच्या आत
पेशी बसल्यात दाटीवाटीनं.
एकीला फक्त उभी रेघ कळते,
शेजारणीला जराशी कललेली,
तिच्या शेजारणीला त्याहून कललेली.
एक अशी, की रेघ डावीकडून सरकली तरच बोलते;
उजवीकडून आली तर ढिम्म.
अख्खं चित्र एकीलाही ठाऊक नाही.
डोळा धागा पुरवतो, त्या पीळ देत राहतात.
आता धागाच येईना...

"तर गप्प बसावं की."

नाही बसत. हाताला सवय.

हसली. "म्हणजे आमच्या सासूबाई.
शेवटी शेवटी पांघरुणाच्या सुरकुत्या विणायच्या."

मग आवाज उतरला.
"माणसंही येतात.
वीतभर. टोप्यांवर दिवे.
किटलीच्या मागून ओळीनं जातात, बोलत नाहीत.
एकाच्या गालावर चामखीळ आहे.
मुलगी समोर बसते तर तिला नाक नाही, डोळे नाहीत,
आणि या परक्याच्या चामखिळीवरचा केस दिसतो मला!"

चेहऱ्यांच्या पेशी निराळ्या, मी म्हणालो,
कानाच्या आत, खालच्या अंगाला.
त्या चेहरा घडवतात.
कुणाचा, ते विचारत नाहीत.

यंत्राचा पंखा तेवढा चालू होता.

"येर्नेय नाही त्यांच्यात," ती म्हणाली.
"खाणीतलाच तो. बावीस वर्षं झाली जाऊन.
मी रोज मोजते. चौदा असतात, कधी पंधरा.
मनी वसे ते दिसे म्हणतात.
साफ खोटं आहे."

कोटात एक हात घालून थांबली.
"तुमच्या डोळ्याला नाही असं भोक?"

आहे. प्रत्येकाला. जिथून नस बाहेर पडते,
तिथे डोळा कोरा.
मेंदू आजूबाजूचं घेऊन रफू करतो.

"दाखवा."

डावा डोळा मिटून मी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं.
तिनं हातभर अंतरावर अंगठा धरला,
हळूहळू उजवीकडे नेला.
त्याचं टोक गेलं.
तिथे भिंत होती. पिवळी, नुकती रंगवल्यासारखी,
मी कधीच न पाहिलेली भिंत.

"गेलं?"
गेलं.
"टाके दिसतात?"
नाही.
"मग तुमची विणकरीण बरी आहे," ती म्हणाली,
थोडी मत्सरानंच.

चार दहाची इद्रियाची बस.
काठी चौकटीला लागली, दार उघडलं,
आणि उंबऱ्याशी ती उभी राहिली, खाली पाहत,
ओठांनी काही पुटपुटत,
ओळ पुढे निघून जाईपर्यंत.