विंचरलेली वाळू

व्हिल्यांदीचं जुनं कबरस्तान. एप्रिल, पहाटेचे पाच.
उत्तरेच्या भिंतीआड अजून वीतभर बर्फ,
मळका, नांगी टाकलेला.
हातमोजे काढले तर बोटं वाकत नाहीत,
घातले तर पेन्सिल धरवत नाही.
तरी लिहिते:
चॅफिंच सात. सगळे नर.
माद्या आठवड्यानं येतील,
जागा बघायला आल्यासारख्या, नाक मुरडत.
रॉबिन एक, लोखंडी क्रुसावर.
गंज कुठला आणि छाती कुठली
हे तो गायला लागेपर्यंत कळलं नाही.

नगरपालिकेला यादी हवी आहे.
पोकळ मॅपल पाडायचे की ठेवायचे
ते म्हणे यादीवरून ठरेल.
म्हणून मी मेलेल्यांच्या गल्ल्यांतून
जिवंतांची खानेसुमारी करत फिरते
आणि मेलेलेच पाठ होतात:
लोहार युहान पार्तेल, दोन बायकांच्या मधे,
तीन दिवसांची लिंडा,
आणि शेवाळानं नाव खाल्लेला एक दगड.
त्यावरून शिलींध्री डोकं खाली करून उतरते,
एवढीच त्याची ओळख.

फॉर्मवर दोन रकाने: पाहिला, ऐकला.
मानमोडी मी चार पहाटा नुसती ऐकली,
तिसऱ्या मॅपलच्या ढोलीतून,
बिजागरी कुरकुरावी तशी.
दुसऱ्या रकान्यात खूण केली.
आजोबाही माझे त्याच रकान्यातले.
त्यांची कबर इथं नाही.
कुठं आहे, ते त्यांना नेणाऱ्या आगगाडीला ठाऊक.

मे. हेल्यु कास्क येते,
ब्याऐंशीची, सायकल हातात धरून;
चालवायला नाही, टेकायला.
कॅरियरला दाताळं बांधलेलं.
इथली रीत अशी: कबरीभोवतीची वाळू विंचरायची,
रेघेला रेघ लावून,
आणि निघताना पाठमोरं सरकत
आपलीच पावलं पुसत जायचं,
जसं काही कुणी आलंच नव्हतं.
वाकडी रेघ दुपारपर्यंत गावभर होते.

तिनं एल्मारच्या कंदिलाचं दार उघडलं,
काडी ओढली,
आणि काडी बोटापर्यंत जळत आली तरी तशीच उभी.
आत शेवाळ, लोकरीचा तांबडा धागा, घोड्याचे केस,
पाच करडी अंडी.
मागची काच हिवाळ्यात तडकून गळलेली;
धोबीण तिथून ये-जा करत होती.

"दिवा नाही लागला तर चिडेल," हेल्यु म्हणाली.
मग दार लावून घेत, हळू:
"चिडू दे. सवय आहे मला."
मेणबत्ती खिशात गेली. खिसा तिनं दोनदा चाचपला.

वाळूवर तीन बोटांची बारीक पावलं होती,
कंदिलापासून नळापर्यंत, नळापासून परत,
मधे एका जागी गोल फिरलेली,
काहीतरी विसरल्यासारखी.
हेल्युनं सगळीकडून विंचरलं,
ती पट्टी सोडून.
आणि निघाली ती सरळ तोंडानं,
पायातले गमबूट वाळूत खोल उमटवत.
शेजारच्या कबरीवरची बाई बघत राहिली.
हेल्युनं तिला मान हलवून नमस्कार केला.

मी लिहिलं: पांढरा धोबी, एक जोडी, पाहिला.
शेरा या जागेत बराच वेळ काही सुचलं नाही.

यादी जूनमध्ये दिली.
मॅपलचं अजून काही कळलेलं नाही.