निधान

डॉक्टर म्हणाले, यादी द्या, मार्चच्या आत पैसे संपवायचेत.
मी पहिल्यांदा लिहिलं: बर्फाचे ट्रे, दोन.
ते हसले.
त्यांच्या टेबलावर एक चकचकीत कागद होता,
आपोआप फिरणाऱ्या मायक्रोटोमचा,
किंमत आमच्या वडगावातल्या घराएवढी.

हसू देत. दानेश्वरी, तू ऐक.
जुनं हातचाकाचं यंत्र राहू दे.
त्याचं चाक कुठं जड होतं ते माझ्या मनगटाला ठाऊक आहे,
तुझ्याही होईल, सहा महिन्यांत.
सुरी मात्र आता वापरून टाकायचीच घेऊ.
बसगौडा मामा रोज तासभर पोलादी सुरी दगडावर लावायचे,
मग चामड्यावर, मग स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर बघायचे.
ते गेले, आणि तशी धार लावणारं कुणी उरलं नाही.
हे मान्य करायला मला चार वर्षं लागली.

पेशंटचं नाव शाईनं लिहू नकोस.
चिकोडीहून बाटली येते तिच्यावर कानडी,
चंदगडहून येते तिच्यावर मराठी,
स्पिरिटमध्ये दोन्ही सारखीच विरघळतात.
पेन्सिल टिकते.
बाटली लोणच्याची असली तरी चालेल, फॉर्मॅलिन दसपट हवं.
आणि मिठाच्या पाण्यातून पाठवलंय कुणी, तर लगेच फोन कर,
ओरडू नकोस, कंपाउंडर बिचारा नवीन असतो.

तुकडा तांदळाच्या कणीएवढा असेल
तर इओसिनचा एक थेंब लाव आधीच,
मेणात पांढऱ्यावर पांढरं हरवतं.
उभा ठेव, कड खाली. कातडीचं असंच,
साडीच्या काठासारखं, सगळे थर एका ओळीत दिसायला हवेत.

बर्फावरचा ठोकळा उचल, एक हलका श्वास सोड त्याच्यावर,
आणि फिरव.
निधान, निधान.
मामा कानडीत म्हणायचे, सावकाश.
मी पहिले काही दिवस मराठीत ऐकत होते,
वाटायचं, मेणात काही पुरून ठेवलंय
आणि हा म्हातारा मला ते सांगतोय.

फीत निघू लागली की कळतं.
आमच्या घरी माग होता, बाबांचा.
धागा तुटला की आवाजच बदलायचा,
ते झोपेतून उठून यायचे.
इथं आवाज नाही. इथं एक बारीक उभी रेघ येते
प्रत्येक कापात, त्याच जागी:
पात्याला खाच पडलीय. पातं सरकव,
कुणाला न सांगता निस्तरू नको, वहीत लिही.

पाण्याची वाटी पंचेचाळीसला.
नवी घ्यायची म्हटलं तर हीच घ्यावी, काळ्या तळाची,
सुरकुती दिसते तिच्यात.
फीत वर सोडलीस की ती स्वतःच अंग ताणते,
थंडीत उन्हाला बसलेल्या मांजरासारखी.
तेवढा वेळ दे तिला.

परवा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतली एक बाई होती,
गालाच्या आतला तुकडा.
नाव मला माहीत नाही, चारशे एकोणीस.
हिमॅटॉक्सिलिनमधून स्लाइड काढली तेव्हा जांभळट तांबडी,
नळाच्या पाण्यात धरली, तशीच राहिली.
नळाचं पाणी इथं फार गोड आहे, फार मऊ.
म्हणून बादली घेऊन मागच्या बोअरवर जा,
ज्या पाण्यानं केस चिकटतात, डाळ शिजत नाही,
ज्याला सगळा स्टाफ शिव्या देतो,
त्यात धर.

बघ.
केंद्रकं निळी होत जातात, एक एक,
संध्याकाळी शहापुरात दिवे लागावेत तशी.
काय आहे तिथं ते डॉक्टर बघतील, ते आपलं काम नाही.
आपलं काम नीळ येईपर्यंत थांबायचं.

यादीत शेवटी मी लिहिलंय:
बादली, एक, झाकणासकट.