खात्री आहे?

दिवाडीच्या बांधावर मानस म्हणजे मन नव्हे.
खाडी आणि शेत यांच्या मधली लाकडी झडप ती.
पास्कोल ती सांभाळतो, त्याच्या आधी त्याचा मामा सांभाळायचा,
आणि मी रायबंदरहून फेरीने जाऊन
त्याच्या हातात एक टॅब्लेट देऊन आले.

अकरा बटणं होती. मला अकराही लागत होती.
पाण्याची पातळी, खारटपणा, फळ्या वर, फळ्या खाली,
सिंक, सबमिट, आणि कोपऱ्यात एक दातेरी चाक
ज्याच्या पोटात आणखी नऊ.
सोबत अठरा पानांची पुस्तिका, रंगीत.
पुढच्या खेपेला ती पेजेच्या टोपावर झाकण होती.

तीन आठवडे सर्व्हरवर एकही भरती आली नाही.
मांडवी येत होती, जात होती, आमचा तक्ता कोरडा.
ऑफिसात म्हणाले, वय झालंय त्याचं, ट्रेनिंग द्या परत.

"भर बघू," मी म्हटलं, "माझ्यासमोर."
त्याने लुंगीला बोटं पुसली
(ओलं बोट काचेला कळत नाही, हे मला तेव्हा कळलं),
पातळी भरली, फळ्या भरल्या, सबमिट दाबलं.
मधोमध करडी चौकट उघडली, मीच लिहिलेली:
तुम्हाला खात्री आहे?

तो थांबला. खाडीकडे पाहिलं.
अष्टमी, म्हणजे पाणी भांगाचं;
पण वारा खालचा, आणि वारा तिथी बघत नाही.
विचार करून त्याने दाबलं: नाही.

सगळं पुसलं गेलं.

रोज दोनदा, एकवीस दिवस
हा माणूस माझ्या यंत्राला खरं उत्तर देत होता.
"भरतेची खात्री कोणाक आसता, बाय?"

मी बांधावरच बसले. ओहोटी लागली होती.
शेतातलं पाणी झडपेला आतून टेकलं
आणि ती उघडली.
भरतीला खाडीच तिला लोटून घेते.
ढकला असं कुठे लिहिलेलं नाही, ओढा असंही नाही.
बिजागरी वरच्या बाजूला आहे, एवढीच तिची पुस्तिका.
कधी काठी अडकते, कधी खेकडा,
मग पास्कोल छातीभर पाण्यात उतरतो.
म्हणजे तीही अडते. पण का अडली ते दिसतं.

वरच्या तुळईवर कोळशाच्या रेघा होत्या.
त्यातली एक त्याने अंगठ्याने पुसली,
शेजारी दुसरी ओढली,
कुणाचीही परवानगी न घेता.

परतीच्या फेरीत मी करडी चौकट काढून टाकली.
लिहिलं की राहतं. चुकलं तर पुसा.
बटणं तीन उरली.
खारटपणासाठी मीटिंगमध्ये पुष्कळ भांडण झालं;
तो पास्कोल जिभेने बघतो, हे मी सांगितलं नाही.

आज पहाटे चार दहाला उशाशी उजेड झाला.
फळ्या दोन, वर.
मग पुसलं.
फळ्या तीन.
मग बराच वेळ काहीच नाही.

मी अंधारात जागी,
काठी असेल की खेकडा.