नववा नंबर

वहीच्या मागच्या पानापासून सुरुवात केली मी,
पुढच्या पानांवर दूधवाला होता, सिलिंडर,
आणि हेमराजच्या गाडीचे उरलेले अकरा हप्ते.

सोनोग्राफी, चार वेळा. पाचव्या महिन्यातली मोठी, महाग.
रक्त, लघवी, साखर, गोळ्या.
धंतोलीतल्या बाईंची फी दर खेपेला सहाशे,
गोलीबार चौकातून ऑटो, जाऊन-येऊन अडीचशे.
तो म्हणाला, मी सोडीन ना गाडीवर.
मी म्हटलं, सातव्या महिन्यात? त्या खड्ड्यांतून?
ऑटो लिहिला. हे सगळं धरून तीस हजार.

नॉर्मल पन्नास. सिझर नव्वद.
फोनवरच्या मुलीने आकडे असे सांगितले
जसा आमच्याकडे लुगड्याचा पन्हा सांगतात.
मी नव्वद धरले.

पॉलिसी आहे आमची, हिंगण्याच्या कंपनीने काढून दिलेली.
त्यात हर्निया आहे, मलेरिया आहे,
साप चावला तर तोही आहे.
पान सतरा, खालून तिसरी ओळ : प्रसूती वगळून.
एजंट खापेकर म्हणाले, नवी घ्या ना वहिनी,
फक्त तीन वर्षं थांबावं लागते.
मी चौतिसाची.
त्यांनी बशीतला चहा संपवला आणि बशी पालथी ठेवली.

मग आम्ही महिने निवडायला बसलो, भाजी निवडतात तसे.
एप्रिल-मे नको, शेहेचाळीस डिग्रीत ओली बाळंतीण.
दिवाळी नको, बोनस येतो पण डॉक्टर गावाला जातात.
डिसेंबरात अधिवेशन, अर्धे रस्ते बंद,
पोलिसाला काय सांगायचं, कळा आहेत, मोर्चा नाही?
उरला फेब्रुवारी. थंडी सरलेली, संत्री स्वस्त.
फेब्रुवारीतून नऊ मागे गेलं की मे.
भिंतीपलीकडे सासूबाई झोपतात.
कूलरचा आवाज कामी येईल, हेमराज म्हणाला,
आणि त्या वहीवर आम्ही पहिल्यांदा हसलो.

एक ओळ त्याने पेन्सिलीने लिहिली होती, अगदी खाली :
काचेची पेटी, रोजचे नऊ हजार.
किती दिवस, ती जागा कोरी.
मी विचारलं नाही. त्याने खोडलं नाही.

निमज्यांच्या गच्चीवर भिशी. बारा जणी, पाच-पाच हजार,
जूनपासून. सगळे नंबर पहिल्याच दिवशी निघतात,
स्टीलच्या डब्यातून, चिवड्याच्या आधी.
मला दुसरा लागला. जुलै.
मी म्हटलं, कोणी बदलून देता का? मला नववा हवा.

आधी कोणी बोललं नाही.
मग अकरा जणींनी मनात बोटं मोजली
आणि अकरा नजरा माझ्या पोटावर आल्या,
जिथे अजून काहीच नव्हतं, सकाळचे तर्री-पोहे सोडून.
बातमी नाही हो, मी म्हटलं. नुसता हिशोब आहे.

नववा कुंदाबाई ढकातेंकडे होता.
फ्रिज घ्यायचा होता त्यांना, वर्षभर तेच बोलत होत्या.
चिठ्ठी त्यांनी माझ्या ताटलीखाली सरकवली.
म्हणाल्या, पेटीचे दिवस धरले का वो?
कोरे ठेवले, मी म्हटलं.
कोरे नको ठेवू. दहा धर.
नाही लागले तं बाळाले कानातले घेजो.
मग पदराने हात पुसत, डब्याकडे पाहत,
आमचे सहाच होते.

कोणीतरी चिवडा वाढायला घेतला.

रात्री मी पेनाने दहा लिहिले.
नव्वद, आणि नव्वद, आणि तीस.
त्यातून भिशीचे साठ गेले, बोनसचे पंचवीस,
पोस्टातले माझे पंधरा.
अजून एक लाख दहा कमी.
हेमराजने बेरीज दोनदा तपासली,
मग कॅलेंडरकडे पाहिलं. मे संपायला सतरा दिवस.
मी उठले. नळ आला होता.
बादलीने कूलरमध्ये पाणी भरलं, काठोकाठ,
आणि बटण तीनवर केलं.