पाणी कुठे मुरतंय

ऑक्टोबर सरत आला की हाउत्शेरच्या धक्क्यावर
सगळ्या होड्या शेपटं वर काढून उभ्या राहतात.
माझीही. तेर्नान.
जूनअखेरीपासून तिच्या मागे पाण्यावर
एक रंगीत चकती यायची, कबुतराच्या मानेसारखी झळकत.
मेंढ्या पल्याडच्या बेटावर उतरवताना
मी दर वेळी मान वळवून बघायचे
आणि दर वेळी म्हणायचे: रूनार.
गेल्या वसंतात सील त्यानेच बसवलं ना.
दुकानात म्हणाले, चर्चच्या पायरीवर म्हणाले,
फेरीच्या रांगेत एका अनोळखी माणसालासुद्धा.
बेटावर बातमीला फेरी लागत नाही.

त्याच्या कानी गेलं नसेल, असं नाही.
आला तसाच, लोकरी टोपी भुवयांपर्यंत,
ड्राइव्हखाली बादली सरकवली, तळाचा स्क्रू सैल केला.
काळंशार तेल यायला हवं होतं.
आलं ते कॉफीत दूध जास्त झाल्यासारखं,
फिकट, दाट, आळसावलेलं.
स्क्रूच्या चुंबकावरचं त्याने चिमटीत चोळलं:
पीठ होतं. कणी नव्हती.
"दात शाबूत आहेत," एवढंच बोलला.
आणि थोड्या वेळाने, बादलीकडे बघत,
"जायची वाट तीच यायची."

मग पंप. सायकलचाच वाटावा असा, वर काट्याची तबकडी.
रिकाम्या ड्राइव्हमध्ये हवा भरली. काटा चढला, थांबला.
आम्हीही थांबलो.
वारा उत्तरेचा. त्याच्या थर्मासमधली कॉफी
त्याने मला आधी दिली. याचा मला राग आला.
काटा उतरू लागला, मुंगीच्या चालीने.

ब्रश घेतला, साबणाचं पाणी घेतलं.
गिअरच्या दांड्याशी नाही.
वरच्या झाकणाच्या सांध्यात नाही.
घडीघडीच्या रबरी गळ्यात हात घातला, आत कोरडं.
"प्रॉपेलरमागे बघ ना," मी म्हणाले, "तुझं सील."
त्याने बघितलं.
बुडबुडे तिथेच होते, एकामागून एक, निवांत.
वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं,
चार महिने घासून लख्ख केलेलं.

नट सुटला. प्रॉपेलर ओढून काढला.
मागे, शाफ्टला आवळून, एक हिरवा गुंता,
विणलेली दोरी, उकळून घट्ट झालेली,
सीलच्या ओठात सुरीसारखी रुतलेली.
तिच्यावर दर पाच वावांना लाल खूण.
भाचीची नेलपॉलिश. खुणा मी केलेल्या.
जूनची ती रात्र, अंधारच न झालेली,
पाइक मासा दोरी घेऊन होडीखाली गेला
आणि मी, घाबरून, इंजिन मागे घेतलं.

रूनारने दोरी वेढ्यावेढ्याने सोडवली,
माझ्या तळव्यावर ठेवली,
आणि काही म्हणाला नाही.
त्याचा हा स्वभाव मला कधीच आवडलेला नाही.

जुनी सीलं उचकटून काढली. दोन असतात,
पाठीला पाठ लावून बसलेली:
एकीचं तोंड तेलाकडे, एकीचं समुद्राकडे.
अबोला धरलेल्या जोडप्यासारखी, पण घर त्यांच्यावरच.
शाफ्टवर नख फिरवलं त्याने. नख अडलं.
"इथे चर पडलाय. नवं थोडं आत बसवतो,
ओठाला कोरं लोखंड मिळू दे."
पुन्हा हवा. पुन्हा तबकडी.
या वेळी काटा भिंतीवरच्या खिळ्यासारखा.

तेल खालून भरायचं, हे मला माहीत नव्हतं.
खालून चढत जातं, हवेला वर ढकलत,
वरच्या भोकातून ओघळलं की
आधी वरचा स्क्रू, मग खालचा.
वॉशर नवे. जुने त्याने खिशात टाकले,
जमिनीवर काही ठेवत नाही तो.

बिल सीलच्या खोक्यावरच लिहिलं:
सील दोन, वॉशर दोन, तेल दोन लिटर, तास तीन.
दोरीबद्दल काही नाही.

दुकानात आल्फहिल्डने विचारलं,
"मग? रूनारने काय घोळ घातला होता?"
रांगेत चौघं होते. कुणी हललं नाही.
मी कोटाच्या खिशात हात घातला
आणि हिरवा गुंता काउंटरवर ठेवला,
पावाच्या शेजारी.
लाल खुणा तिनेच मोजल्या, मोठ्याने.