शिशाचं नाणं

शनिवारी दिवेलागणीलाच काका रविवारचं पाणी भरून ठेवतो,
माग दोरीनं बांधतो,
कोंबड्यावर टोपली पालथी घालतो.
उद्या देवाचा वार. उद्या कुणी काही करायचं नाही.
एरवी तरी आपण कुठे काही करतो, असं चर्चमधले वडीलधारे म्हणतात.
कर्ता करविता तोच.

टॉर्मोड त्याचं नाव. वय एक्क्याऐंशी.
लुईस बेटाच्या या टोकाला त्याच्या घरानंतर फक्त समुद्र.

वर्षातून दोनदा लांब मेजावर पांढरं कापड अंथरतात.
पाद्री माणूस पारखून शिशाचं नाणं देतो,
ते दाखवलं की मेजाशी बसता येतं:
भाकरीचा तुकडा, द्राक्षरसाचा एक घोट.
काकाला ते मिळालं त्याला बावन्न वर्षं झाली.
अजून तो बाकावरून उठलेला नाही.
नाणं खिशात. खिशाचं भोक मी चारदा शिवलंय.

त्या रात्रीचं गावाला सगळं ठाऊक आहे,
म्हणून कुणी बोलत नाही.
हेरिंगनं फुगलेलं जाळं, फिरलेला वारा,
जाळ्याच्या दोरात माझ्या बापाचा पाय,
होडी कलत चाललेली, होडीत आणखी तिघं.
काकाच्या हातात सुरी.
मी आईच्या पोटात पाच महिन्यांची.

नंतर आळीपाळीनं सगळे येऊन गेले.
म्हणाले, टॉर्मोड, समुद्राला किनारा नव्हता तेव्हाच
हे लिहून झालं होतं.
तुझा हात नुसता निमित्त.
ओल्या टोप्या चुलीशी वाळवल्या, चहा प्याले, गेले.
चांगली माणसं होती.
त्यांना कसं कळावं, की जाताना
घरातली एकच किमती वस्तू ते उचलून घेऊन गेले?

मला त्यानं चालायला शिकवलं,
दलदलीतलं जळण कापायला,
मागावर धागा तुटला तर कुठल्या बोटांनी गाठ मारायची, ते.
फिनलेचं नाव मात्र कधी घेतलं नाही.

या शनिवारी, टोपली घालून आल्यावर, तो म्हणाला,
"मुरदिना, हात त्याचा, तर मग पाप कुणाचं?
त्याचं म्हणावं तर जीभ झडेल.
माझं म्हणावं तर ते मला देत नाहीत.
बावन्न वर्षं मागतोय, माझं तेवढं मला द्या.
मी काही केलंच नसेल, तर मला माफ कोण करणार?
लाटेला कुणी माफ केलंय कधी?"

मी ग्लासगोच्या इस्पितळात चादरी धुतलेली बाई.
वरचं लिहिणं मला वाचता येत नाही.
पण चादरीवरचे डाग माणसांचेच असतात, एवढं बघितलंय.

मी म्हणाले,
"दोर तू कापलास.
माझ्या बापाला तू मारलंस, काका.
आणि त्या तिघांना वाचवलंस, तेही तूच."

काकानं टोपी काढली,
प्रार्थनेला काढतात तशी.
कितीतरी वेळ चुलीत जळण खचत राहिलं.
मग तो रडला,
हरवलेलं गुरू दारात येऊन उभं राहिल्यावर
एखादा म्हातारा रडेल, तसा.

माफी मी अजून दिलेली नाही.
ती माझी आहे. सावकाश देईन,
कदाचित देणारही नाही.
हेही कुठे आधीच लिहिलेलं असेल
तर असू दे.
मला वाचून दाखवू नका.

मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणजे रविवार लागला होता.
बाहेर टोपलीखाली
कोंबडा आरवला.